तुम्ही सांगा, मी ऐकतोय

माणूस कशावरून ओळखायचा, असं कोणी विचारलं तर धाकट्याचं उत्तर तयार असायचं: चुकांवरून. त्याची पोटापाण्याची सोयच या उत्तरावर लागलेली होती. एका ऑनलाइन गेमच्या कंपनीत तो नोकरीला होता आणि लबाडी करणारे खेळाडू पकडणं हे त्याच्या विभागाचं काम होतं. दारावरच्या पाटीवर विभागाचं नाव लांबलचक लिहिलेलं होतं, पण सगळे त्याला चोरपकड खातं म्हणत.

गेम साधा, बसल्या बसल्याचा. एक नदी, काठाला गवत, मधूनमधून लाकडी फळ्यांचे धक्के. धक्क्यावर बसून गळ टाकायचा, मासा लागला की ओढायचा, तराजूत तोलायचा आणि टोपलीत टाकायचा. शेजारी कोणी बसलं असेल तर त्याच्याशी लिहून गप्पा मारायच्या. एवढ्यासाठी लोक दर महिन्याला सबस्क्रिप्शन भरत, आणि चांगला गळ, रंगीत होडी, टोपी हे वरून विकत घेत. ज्यांना बसायला सवड नाही पण टोपली मात्र भरलेली हवी, ते बॉट लावत. बॉट म्हणजे आपल्या जागी खेळणारा प्रोग्राम. मालक बाहेर हिंडतोय आणि बॉट बिचारा मासे धरतोय.

असे बॉट धाकटा बरोबर हुडकायचा. बॉट दमत नाही, त्याचा गळ गवतात अडकत नाही, हातातला मासा निसटत नाही. माणूस मध्येच उठतो, उगीच इकडेतिकडे बघतो, लिहिताना अक्षर चुकतो. बॉट सापडला की अकाउंट कायमचं बंद, मग दाद ना फिर्याद. तपासताना समोर फक्त नंबर दिसायचा, खेळाडूचं नाव नाही, म्हणजे ओळखीपाळखीला जागाच नको. हा नियमही धाकट्यानेच आणला होता.

धाकटा हे त्याचं घरातलं नाव. थोरला कोणी नव्हताच. घरात थोरला मी एक पुरे, असं बाबा म्हणत.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसायला घेत. घरीही रतीभर खोटं खपायचं नाही. निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठला, तेव्हा धाकट्यानेच त्यांना टॅब आणून दिला, गेम शिकवला आणि सांगितलं, की संध्याकाळी आपण तिथेच भेटत जाऊ. तो दुसऱ्या शहरात, आईबाबा जुन्या घरी. फोनवर बापलेकांचं बोलणं कधी दोन वाक्यांच्या पुढे गेलं नव्हतं. नदीकाठी मात्र बाबांना कंठ फुटला. ते प्रत्येक मासा तोलून बघत आणि वजनात कमी भरला की परत पाण्यात सोडत. तसा नियम नव्हता, त्याचे गुणही मिळत नव्हते. कोणी विचारलं तर म्हणत, हलका माल मी आयुष्यात टोपलीत घेतला नाही, आता काय घेतोय.

एकदा आजारपणात त्यांचं सबस्क्रिप्शन संपलं आणि कंपनीचा मेसेज आला: तुमचे मित्र नदीकाठी तुमची वाट बघत आहेत. गिऱ्हाईक परत ओढायला विक्री विभाग असे मेसेज सगळ्यांनाच धाडायचा. बाबा अंगात ताप असताना घाईघाईने पैसे भरून आत गेले, तर काठावर चिटपाखरू नाही. ते फार चिडले. धाकट्याला म्हणाले, "कोणी नसताना वाट बघतंय म्हणायचं? हे खोटं वजन झालं." ते धाकट्याच्या मनाला लागलं. विक्रीवाल्यांशी भांडून त्याने नियम करून घेतला, की मित्र त्या क्षणी खरोखरच काठावर बसलेला असेल तरच मेसेज सुटेल, नाहीतर नाही. बाबांनी हे आल्यागेल्याला कौतुकाने सांगितलं.

पण नव्याचे नऊ दिवस. पुढे धाकट्याच्या मीटिंगा वाढल्या, आणि बाबांचं पालुपद तेच राहिलं. जेवलास का, झोप होते का, आणि मग नोकरीतले किस्से, शंभरदा ऐकलेले. त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं. चोर पकडणाऱ्याला चोरीच्या सगळ्या वाटा ठाऊक असतात. एका सुट्टीच्या दिवशी बसून त्याने स्वतःच्या अकाउंटसाठी बॉट लिहिला आणि घरच्या फडताळात जुन्या लॅपटॉपवर लावून दिला.

तो बॉट कोणालाच सापडला नसता. धाकट्याने त्याला चुकायला शिकवलं होतं. तो मध्येच गळ अडकवून घ्यायचा, मासा हातचा घालवायचा, कंटाळल्यासारखा पाण्याकडे बघत राहायचा. बाबांच्या अकाउंटवरून काही लिहिलेलं आलं तरच तो बोलायचा, एरवी गप्प. जेवणाचं विचारलं की ‘जेवलो’. झोपेचं विचारलं की ‘होते बऱ्यापैकी’. नुसती हाक आली तर ‘हो बाबा’. आणि अर्थ लागणार नाही असं काहीही आलं, तर त्याला एकच उत्तर: ‘तुम्ही सांगा, मी ऐकतोय.’

बाबा खुशीत असल्याचं आईकडून कळलं तेव्हा धाकट्याला पहिल्यांदा लाज वाटली. मग सुटल्यासारखं वाटलं. मग काही वाटेनासं झालं.

बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आई शेजारी गेली होती. ती परत आली तेव्हा टॅब त्यांच्या मांडीवर होता आणि त्यात नदीकाठी दोघं जण गळ टाकून बसलेले दिसत होते. आईला तेवढाच आधार झाला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, की एकटे नाही गेले, शेवटपर्यंत लेकाशी बोलत होते. लोक धाकट्याच्या पाठीवर हात ठेवत, नशीबवान आहेस म्हणत. तो मान हलवायचा.

शेवटचं बोलणं त्याने एकदाच वाचलं होतं.

छातीत दुखतंय रे, असं बाबांनी लिहिलं होतं. खाली त्याच्या नावाने उत्तर होतं, तुम्ही सांगा, मी ऐकतोय. मग बाबांनी लिहिलं होतं, आई शेजारी आहे, तिला फोन लाव. तुम्ही सांगा, मी ऐकतोय. मग नुसतंच, धाकट्या. आणि त्याखाली, हो बाबा.

त्यानंतर बॉटला एक मासा लागला होता आणि तो त्याने व्यवस्थित तोलून टोपलीत टाकला होता.

धाकट्याने हे कोणाला सांगितलं नाही. बाबांचं अकाउंट रीतसर बंद केलं. बंद केलं की खेळाडूचं नाव पुसलं जातं आणि त्याची आकृती नदीवरून नाहीशी होते. बॉट मात्र तसाच राहिला. बंद करायचा तर त्याला हात लावायला हवा होता, आणि तेवढं धाकट्याकडून होईना. राहू दे, असं तो स्वतःला समजवायचा. समोर कोणी नाही म्हटल्यावर तो काय बोलणार, बसेल मासे धरत. रोज ऑफिसातून तो मुद्दाम उशिरा निघायचा. घरी पोचायचा तोवर बॉटची वेळ टळलेली असायची.

शेजारच्या टेबलावर एक बाई बसायची, तिला सगळे मावशी म्हणत. वयाने धाकट्याहून थोडीशीच मोठी. ऑफिसभर प्रत्येकाच्या खाण्यापिण्याची आणि सर्दीखोकल्याची चौकशी करत हिंडायची म्हणून ती मावशी. धाकटा विभागाचा प्रमुख, म्हणून चिडवायला त्याला साहेब म्हणायची, पण बोलायची अरेतुरेनेच. नजर अशी, की तिच्या हातून बॉट सुटला असं कधी झालं नाही.

एक दिवस तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"साहेब, हा बघ रे जरा. बॉट आहे की माणूस, मला ठरवता येईना."

तिला ठरवता येईना म्हणजे नवलच होतं. नंबर धाकट्याने बघताच ओळखला, तो त्याचा स्वतःचा होता. मावशी सांगत होती, की खेळतो तर माणसासारखा, चुकतो, रेंगाळतो. पण शेजारी कोणी नसताना बोलत असतो. रोज संध्याकाळी, एकटाच.

स्क्रीनवर नुसती उत्तरं होती. हो बाबा. जेवलो. होते बऱ्यापैकी. तुम्ही सांगा, मी ऐकतोय. मध्ये मोकळी जागा, कुठे थोडी, कुठे खूप. किस्सा सांगायला लागावा तेवढी. मग पुन्हा, तुम्ही सांगा, मी ऐकतोय.

"बाप वारला असेल बिचाऱ्याचा," मावशी म्हणाली. "वेड्यासारखा तिथे जाऊन बसत असेल. असल्याचं अकाउंट बंद करायला हात धजत नाही बघ."

धाकटा कसाबसा म्हणाला, की राहू दे, मी बघतो.

त्याने खरंच बघितलं. दिवसभर दुसरं काही केलं नाही. बाबांचं अकाउंट बंदच होतं, त्यातून कोणी आत आल्याची नोंद नव्हती. बॉटचा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला, कुठे बदल नाही. समोरून ओळ आल्याशिवाय तो बोलूच शकत नव्हता. काहीतरी बिघाड, दुसरं काय, असं म्हणत त्याने आदल्या संध्याकाळचा खेळ पुन्हा चालवून पाहिला. त्याची आकृती धक्क्यावर आली आणि एका कडेला सरकून बसली. सगळा धक्का मोकळा होता, तरी कडेला. सरकून बसायला त्याने बॉटला शिकवलं नव्हतं.

मग मासे लागू लागले. मोठा मासा आला, टोपलीत गेला. लहान आला, तोही टोपलीत गेला. थोड्या वेळाने टोपलीतला तो लहान मासा वर उचलला गेला, तराजूत गेला, काटा हलला, आणि मासा बुडुक करून पाण्यात पडला. त्याच्या आकृतीचे दोन्ही हात तेव्हा गळावर होते.

धाकट्याने खेळ बंद केला आणि उठून पाणी प्यायला गेला. पेला भरून वाहिला तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

सुट्टीला तो आईकडे गेला, ते सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. बाबांची खुर्ची खिडकीशी होती. बाजूच्या कपाटात त्यांच्या पितळी वजनांची लाकडी पेटी होती आणि तिच्यावर टॅब, पुसून, कापडात गुंडाळून ठेवलेला. आईने चहा केला. धाकट्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहाच प्यायला. शेवटी त्याने आडून विचारलं, की बाबा माझ्याबद्दल कधी काही म्हणायचे का.

"म्हणायचे की," आई म्हणाली. "पहिल्या पहिल्यांदा म्हणायचे, धाकटा घाईत असतो गं. पण नंतर फार बदललास म्हणे. माझं सगळं ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही, उठून जात नाही. असा ऐकणारा मुलगा नशिबाने मिळतो म्हणायचे."

धाकट्याने कप खाली ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. आईला वाटलं, बापाच्या आठवणीने भरून आलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, की मी काही तुमचं बोलणं वाचलं नाही हो, ते तुम्हा बापलेकांचं. त्याला त्या हाताखालून उठून पळावंसं वाटलं. पण तो बसून राहिला आणि काही न सांगता संध्याकाळच्या गाडीने परत आला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून लवकर निघाला. घरी आला तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. फडताळातल्या लॅपटॉपमधून पाण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच कीबोर्डची कळ दाबल्यासारखी बारीक टकटक. लॅपटॉपचं झाकण अर्धवट मिटलेलं होतं.

त्याने झाकण उघडलं. स्क्रीनवर त्याच वेळी उमटलं, हो बाबा.

धाकट्याने बॉट बंद केला. प्रोग्राम पुसून टाकला. मग खुर्ची ओढून स्वतः बसला.

धक्क्यावर त्याची आकृती कडेला बसलेली होती. शेजारी फळ्या, फळ्यांवर ऊन, त्याच्यापुढे पाणी. त्याने ‘बाबा’ असं लिहिलं आणि पुसलं. मी धाकटा, असं लिहिलं आणि पुसलं. पहिल्यांदाच त्याला अक्षरं सापडत नव्हती. गळाला मासा लागला, ओढ बसली, त्याने ओढला नाही. दुसरा लागला, तोही गेला.

मग तो तोंडानेच बोलला. एकट्या खोलीत, लॅपटॉपसमोर, हात मांडीवर ठेवून.

"बाबा, तो मी नव्हतो. मी बॉट लावला होता. तुमच्या छातीत दुखत होतं तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसलो होतो, हसत होतो. तुम्ही हाक मारलीत, ती मला ऐकूच आली नाही."

काही झालं नाही.

पाणी वाहत होतं. ऊन फळ्यांवरून सरकत गेलं.

टोपलीत तळाशी एक लहान मासा पडलेला होता. तो तिथेच राहिला. कोणी उचलला नाही.

धाकटा अंधार पडेपर्यंत बसून होता. त्याला वाटलं होतं तसं बरं वाटलं नाही. इतके दिवस तिथे जे कोणी येत होतं, ते त्याच्यासाठी येत नव्हतं. त्याला एवढंच कळलं आणि तो लहान मुलासारखा रडला.

सकाळी मावशी हातातला डबा टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाली, की तुझं काम मी हलकं केलं. तो परवाचा नंबर, एकटा बोलणारा. काल संध्याकाळी तिने त्याला मुद्दाम थेट बघितलं होतं.

"बॉटच होता रे. काल बिघडला आणि पितळ उघडं पडलं. मासा लागतोय तर ओढत नाही, काही लिहीत नाही, नुसता दगडासारखा बसलेला. इतके दिवस मी त्याला माणूस समजत होते. कालचा तो नक्की माणूस नव्हता. टाकलं अकाउंट बंद करून."

 तो माझा होता, असं धाकट्याने म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर नोकरी गेली असती आणि तरी अकाउंट परत मिळालं नसतं, कारण दाद ना फिर्याद, हा नियम होता. तो बरं म्हणाला. मावशीने विचारलं, तुला बरं नाही का, डोळे केवढे सुजलेत. त्याने सर्दी झालीय असं सांगितलं.

घरी जाऊन त्याने नव्या नावाने अकाउंट काढलं, त्याच धक्क्यावर जाऊन बसला. पण नव्या अकाउंटला मित्र कोणी नव्हतं, आणि बंद झालेल्या खेळाडूशी मैत्री जोडायची सोय गेममध्ये नव्हती. त्याने कडेला सरकून बसून पाहिलं. पाणी नुसतं वाहत राहिलं. शेवटी त्याने तेही अकाउंट मोडलं, लॅपटॉप मिटला आणि फडताळाचं दार लावून घेतलं. संपलं एकदाचं, असं तो मोठ्याने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मीटिंगमध्ये होता. टेबलावर उपडा ठेवलेला फोन थरथरला. त्याने सवयीने सरळ करून बघितला.

मेसेज गेमचा होता, त्याच्या बंद झालेल्या अकाउंटसाठी आलेला. कंपनीत या हाताचं त्या हाताला कळत नाही. चोरपकड खात्याने कोणाला हाकललं हे विक्री विभागाला कोणी सांगत नाही, आणि ते आपले सगळ्यांनाच बोलवत राहतात. हे त्याला ठाऊक होतं.

त्याला दुसरंही एक ठाऊक होतं. मित्र त्या क्षणी काठावर बसलेला असल्याशिवाय हा मेसेज सुटत नाही.

त्याच्या मित्रांच्या यादीत आयुष्यभरात एकच नाव होतं.

तो नियम झाल्यापासून मेसेजात सुरुवातीला मित्राचं नाव यायचं. तिथे नाव नव्हतं, नावापुरती कोरी जागा होती. पुढे नेहमीचंच वाक्य होतं: तुमची नदीकाठी वाट बघत आहेत. त्याखाली, मित्राने काही लिहून ठेवलं असेल तर ते दाखवायची चौकट असते. बहुतेक वेळा ती रिकामी असते.

"काय रे, कोणाचा?" मावशीने समोरून हळूच विचारलं.

त्याने फोन छातीशी धरला. मग कोणी बघत नाहीसं पाहून चौकटीतलं पुन्हा वाचलं.

आता दुखत नाही रे. तू ये.